हर्क्युलिस आणि वर्गणी

कोरेगावला तंबूत आम्ही इटालियन 'हर्क्युलिस' (१९५८) पाहिला. स्टीव्ह रीव्हजने साखळ्या ओढून खांब पाडले, तसे शेजारचे अण्णा ओरडले, "ह्याला म्हणतात ताकद!"

अहो अण्णा, ते खांब सिनेमातले! खरी ताकद आपल्याच जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात जन्मली. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. पण तिथं जायला वर्गणी काढावी लागली! १९८४ साली ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर कित्येक वर्षांनी.

रोमच्या ग्लॅडिएटरांना लोक 'जवखाऊ' म्हणून चिडवत. म्हणजे निदान जव तरी मिळत होते! गुलामाला मालक खुराक देत होता. आपण मल्लाला काय देतो? टाळ्या. त्याही तेराव्यानंतर!