औषध जगाला, सांडपाणी नवापूरला

'वसुधैव कुटुंबकम्' आम्हाला कोणी शिकवू नये. तारापूर एमआयडीसीत बनणारी औषधी रसायने परदेशात जातात, सांडपाणी मात्र नवापूरच्या समुद्रात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूर देशात पहिले होते. हरित लवादाकडे गेली ती मांगेला मच्छीमारांची संघटना. गोळ्या घेणारा एकही देश नाही. त्यांचे तपासनीस कारखान्यात येतात, औषधाची शुद्धता तपासून जातात. नाल्याकडे बघणे त्यांच्या कामात बसत नाही म्हणे! बाबासाहेबांच्या संविधानात बंधुता व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी जोडलेली आहे. मग आमचा सवाल थेट खरेदीदारांनाच: औषधाच्या दाखल्यासोबत सांडपाण्याचाही दाखला का मागत नाही? मासे मेले ते कोणाच्या कुटुंबातले?