सुलतान पाचवा मुराद : एक प्रत्युत्तर



गतांकातील पत्रलेखकांनी उस्मानी सुलतान पाचवा मुराद यास जन्मतःच वेडा ठरवून निकालात काढले आहे, हा त्या अभागी पुरुषावर अन्याय होय.

३० मे १८७६ रोजी काका अब्दुलअझीझ यास पदच्युत करून मुत्सद्द्यांनी ज्यास तख्तावर बसविले, तो मुराद फ्रेंच जाणणारा, पियानोसाठी स्वतः स्वररचना करणारा आणि सनदशीर राज्यपद्धतीविषयी आस्था बाळगणारा होता. परंतु ४ जूनला काका मनगटाच्या शिरा तुटलेल्या अवस्थेत मृत आढळला, आणि त्यापाठोपाठ युद्धमंत्री हुसेन अवनी पाशाचा खून झाला, तेव्हा मद्याने आधीच दुर्बल झालेले (हे मी नाकारीत नाही) ते मन पुरते खचले. व्हिएन्नाहून पाचारण केलेल्या डॉक्टर लाइड्सडोर्फ यांनी उपचारांनी गुण येईल असा अभिप्राय दिला असताही, ३१ ऑगस्टला शेख-उल-इस्लामच्या (सर्वोच्च धर्माधिकाऱ्याच्या) फतव्यान्वये त्यास दूर सारून धाकटा भाऊ अब्दुलहमीद गादीवर आला. ९३ दिवसांच्या राज्यापायी चिरागान राजवाड्यात २८ वर्षांची नजरकैद! १८७८ च्या मे महिन्यात त्याच्या सुटकेसाठी अली सुआवी नावाच्या बंडखोराने केलेला हल्ला रक्तात बुडाला. तथापि १९०४ साली मृत्यू येईतो कैदेतही मुराद संगीत रचीत राहिला; हे जन्मवेड्याचे लक्षण कसे म्हणावे?

तरी सदर विधानाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक इतिहासप्रेमी वाचक