पूर्वजांची नॅनो

गेल्या दोन आठवड्यांत तो मेसेज मला तिसऱ्यांदा आला. टिपूच्या तलवारीत म्हणे कार्बन नॅनोट्यूब होत्या. म्हणजे नॅनोटेक्नॉलॉजी मूळची आपलीच, बाकीच्यांनी नंतर फक्त नाव दिलं. खाली एका नोबेलविजेत्याचं नाव, तिरंगा आणि 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. मी पाठवला नाही. त्याऐवजी हे लिहितोय.

आधी यातलं खरं काय ते सांगतो, कारण खरं आहेच. २००६ साली ड्रेस्डेनच्या पाउफ्लर आणि मंडळींनी 'नेचर'मध्ये लिहिलं, की १७ व्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला तर त्यात नॅनोट्यूब दिसतात. तलवार टिपूची नव्हे, बर्नच्या संग्रहालयातली. पण अशा तलवारींचं पोलाद दक्षिण भारतातून जायचं. त्याचं वूट्झ हे नाव म्हणजे आपल्या शेजारच्या कानडी-तेलुगूतल्या 'उक्कू'चा साहेबी अपभ्रंश. आणि रॉबर्ट कर्ल २००८ च्या जानेवारीत विशाखापट्टणमच्या सायन्स काँग्रेसमध्ये यावर बोलले, तेही खरं. फक्त त्यांचं म्हणणं होतं की आपले कारागीर हे नकळत करत होते. मेसेजमध्ये कर्ल आहेत, 'नकळत' गायब!

माझं भांडण त्या गाळलेल्या शब्दाशी आहे.

माझ्या धंद्यात असा कोड रोज भेटतो. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला, एक कॉमेंट नाही, कागद नाही, पण चालतो. कोणी हात लावत नाही. मग एक दिवस सर्व्हर बदलतो आणि तो बंद पडतो. का चालत होता हे माहीत नसल्याने का बंद पडला हेही कळत नाही. उक्कूचं हेच झालं. लोखंड, तरवडीचं लाकूड, रुईची पानं मातीच्या मुशीत बंद करायची, तासन् तास तापवायचं, सावकाश निववायचं. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेलं पोलाद निघायचं, आणि त्याच्या पात्यावर लाटांसारखी नक्षी उमटायची. व्हेरहोवेन आणि पेंड्रे यांनी १९९८ मध्ये दाखवलं की त्या नक्षीला खनिजातलं अगदी चिमूटभर व्हॅनेडियमसारखं मूलद्रव्य लागतं. त्यांचं अनुमान असं, की ते खनिज संपलं आणि कारागिरांना कळेचना की तीच कृती करूनही नक्षी का उमटत नाही. एकोणिसाव्या शतकात ही विद्या बुडाली. नॅनोटेक्नॉलॉजी येत असती तर खनिजात काय कमी पडलंय ते शोधून बाहेरून टाकलं नसतं का?

दुसरीकडे काचेची गोष्ट घ्या. रोमन लोकांनी चौथ्या शतकात सोन्या-चांदीचे नॅनोकण असलेला प्याला बनवला. समोरून हिरवा, मागून उजेड टाकला की लाल. आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तोही नकळतच. मग १९८० च्या सुमारास रशियात एकिमॉव्हने काचेत कॉपर क्लोराइडचे स्फटिक वाढवले, त्यांचा आकार २ ते ३० नॅनोमीटर असा मुद्दाम बदलला आणि दाखवलं की स्फटिक लहान केला की प्रकाश शोषण्याची रीत बदलते. त्याला २०२३ चं नोबेल मिळालं, प्याल्याच्या कारागिराला नाही. यात अन्याय कुठे झाला, मला सांगा.

आणि हो, साहेबांचंही पुराण आहेच. सगळं १९५९ मधल्या फाइनमनच्या भाषणातून निघालं म्हणतात. ते भाषण पुढची वीसेक वर्षं फारसं कोणी उद्धृतही केलं नव्हतं. शब्द तानिगुचींचा, १९७४ चा. माझ्या मते खरी सुरुवात १९८१ ची, बिनिग आणि रोहरर यांनी झ्युरिकला टनेलिंग मायक्रोस्कोप केला तेव्हाची. त्याच यंत्राने आयग्लरने १९८९ मध्ये झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकवले आणि कंपनीचं नाव लिहिलं. हवा तो अणू हव्या त्या जागी!

(आमची जमातही धुतल्या तांदळाची नाही. '३ नॅनोमीटर' चिपमध्ये ३ नॅनोमीटरचं असं काही नसतं, ते नुसतं पिढीचं नाव आहे. आणि २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारच्या नोटेत 'नॅनो जीपीएस चिप' आहे असं सांगणाऱ्यांत चांगले बी.ई. झालेले लोक होते :) बॅटरी कुठेय, एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही.)

पण मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मेसेज म्हणतो 'आपले पूर्वज'. कोणाचे हो? मुशीपुढे भाजून निघणाऱ्याला आपण कधी विद्वान म्हटलं? आपल्याकडचा लोहार बलुतेदार, सुगीला खळ्यावर मापाने धान्य घेणारा. त्याला लिहिता येत नव्हतं आणि लिहिता येणाऱ्यांना भट्टीजवळ जायचं नव्हतं. म्हणून उक्कूची कृती वाचायला आज बुकॅनन आणि व्हॉयसी या साहेबांची टिपणं काढावी लागतात. विद्या बुडाली त्यात खनिजाइतकाच हाही वाटा असणार. त्याच घरांतून आज कौतुक फिरतंय, तेही लोहाराचं नाही, 'प्राचीन ज्ञाना'चं.

उक्कूचं नावाजलेलं एक गाव, कोनासमुद्रम, आपल्या नांदेडच्या पलीकडे निजामाबाद जिल्ह्यात आहे. २०१० मध्ये बंगळूर आणि एक्सेटरचे संशोधक त्या मुलखात गावोगाव फिरून भट्ट्यांची मळी आणि फुटक्या मुशी शोधत होते. मेसेजमध्ये ते गाव नाही.