अंगातील जुनी शिल्लक

व्यापारी नव्या वर्षी नवी वही घालतो. तरी मागील शिल्लक पहिल्याच पानावर ओढून घेतो. लोकनृत्य शिकणाऱ्यालाही हाच न्याय लागू पडतो.

गोंदिया जिल्ह्यातील सौंदड हे महामार्गावरचे, धानशेतीच्या मुलखातील गाव. हा प्रदेश झाडीपट्टीचा. दंडार ही येथील लोककला, आणि रेला हे गोंड समाजाचे सामूहिक नृत्य. अशा मुलखातही नवरात्र आले की अनेक गृहिणी आणि दुकानदार ‘आम्हांला कुठला नाच येतो?’ असे म्हणून गरब्याच्या मंडळाबाहेर बसून राहतात. हा संकोच बहुधा निराधार असतो.

शाळेत लेझीम खेळलेल्या माणसाला अंक मोजत पाऊल टाकणे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेणे आणि शेजाऱ्यापासून अंतर राखणे ठाऊक असते. तीन टाळीच्या गरब्याला प्रथम एवढेच लागते. बालपणी फुगडी घातलेल्या स्त्रीला गिरकीत तोल सांभाळता येतो. धानाची रोवणी करणारी स्त्री तर चिखलात रांग न मोडता मागे मागे सरकते. तिला शेजारणीच्या गतीशी गती जुळविणे कोणी शिकवावे लागत नाही.

एका कामातील सराव दुसऱ्या कामास कितपत उपयोगी पडतो, याचा अभ्यास थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ साली प्रसिद्ध केला. दोन्ही कामांतील समान घटकांपुरताच जुना सराव उपयोगी पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

म्हणूनच शिलकीबरोबर काही जुने देणेही वहीत उतरते. लेझीमीत सरळ रांग आणि ठाशीव पाऊल असते. गरब्यात वर्तुळ असते आणि गुडघा सैल ठेवावा लागतो. लेझीमीतील ‘चार आवाज’ चार अंकांवर चालतो. गरब्यातील हींच ताल सहा मात्रांचा आहे. चाराची सवय जडलेला पाय तेथे अडखळतो. अशा वेळी ‘आपल्याला जमणार नाही’ असे मानून मंडळ सोडू नये. हात मोकळे ठेवून आधी केवळ तालावर चालावे, मग टाळी जोडावी, वळण त्यानंतर घ्यावे आणि गती सर्वांत शेवटी वाढवावी.

शिकविणाऱ्यानेही पहिल्याच दिवशी ‘पूर्वी काय खेळलात?’ असे विचारून घ्यावे. अलीकडे द्रुत चालींच्या हौसेपायी वडीलधारी माणसे खुर्चीवर बसून टाळ्या वाजविताना दिसतात. गुजरातच्या गरब्याला युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. घरातील दोन पिढ्या एका वर्तुळात फिरल्या, तरच तो वारसा घरात राहील. त्यासाठी दररोज आरंभीची दोन-चार आवर्तने संथ ठेवली, तरी फुगडी खेळलेल्या आजीला आणि लेझीम खेळलेल्या आजोबांना मंडळात पुरेशी जागा मिळेल.