इतर खर्च

प्राध्यापकाच्या घरी पैसा एका तारखेला येतो आणि उरलेल्या एकोणतीस तारखांना जातो. तो जातो कोठे, याचा छडा लावावा, असे मला दर दिवाळीला वाटते. पाडव्याला नवी वही आणायची, पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ती वही मुलांच्या गणिताला द्यायची, हा माझा वीस वर्षांचा परिपाठ.

गेल्या दिवाळीत मात्र वहीऐवजी एक अमेरिकन प्रोग्राम घरात आला. भाचा न्यू जर्सीहून नगरला आला होता. (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचे, पण जुनी जीभ लवकर वळत नाही.) त्याने तो माझ्या संगणकावर चढवून दिला आणि म्हणाला, “मामा, आता पैसा न् पैसा सापडेल तुला.”

या प्रोग्रामांचा जन्म मोठा घरगुती आहे. स्कॉट कुक नावाच्या अमेरिकन गृहस्थांची पत्नी घरची बिले भरता भरता वैतागली. त्यावरून त्यांना कल्पना सुचली, १९८३ साली त्यांनी इंट्युइट ही कंपनी काढली आणि तिने ‘क्विकन’ बाजारात आणले. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपले ‘मनी’ काढले. तात्पर्य, सातासमुद्रापलीकडेही जमाखर्चाचा उगम पत्नीच्या कुरकुरीतच आहे!

पण त्यांचे घर ते त्यांचे आणि आपले ते आपले. त्यांच्याकडे आधी महिना आणि मग तारीख. त्यामुळे ५ एप्रिलचा माझा किराणा थेट ४ मेला जाऊन बसला. आपले सव्वा लाख तिथे १२५,००० असे लिहिले जातात. तो स्वल्पविराम पाहून आपण गरीब झालो की श्रीमंत, हेच क्षणभर कळत नाही. त्यांचे वर्ष जानेवारीत उजाडते, आपले आयकराचे १ एप्रिलला. तिकडच्या बँकांचे आकडे प्रोग्राम आपणहून ओढून घेतो. आमच्या पतपेढीचे पासबुक त्याच्या गावीही नाही. तेव्हा रोज रात्री चष्मा लावून आकडे बडवणे आले.

खात्यांची यादी तर पाहण्यासारखी. घरतारण आहे, निवृत्तीसाठीचे ‘४०१-के’ आहे, पाळीव प्राण्याचा डॉक्टरसुद्धा आहे. नाही ती भिशी, गणपतीची वर्गणी, भाऊबिजेची ओवाळणी आणि वर्षाची बेगमी. प्रोग्रामला खर्च महिन्याच्या मापाने हवा. आम्ही उन्हाळ्यात वर्षाचे गहू-ज्वारी भरतो, जूनमध्ये मुलांच्या फिया भरतो. त्या दोन्ही महिन्यांत पडद्यावर असा लाल रंग चढला, की मी जुगारच खेळून आलो असावा!

गुणही सांगितले पाहिजेत. आपल्या व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावणीत प्रत्येक रकमेला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. ‘ग्नूकॅश’सारखे फुकट मिळणारे प्रोग्रामही त्याच दुहेरी नोंदीवर चालतात. रुपया त्यांना चालतो, खात्यांना आपली नावे देता येतात. तसे बारसे मीही केले, आणि ज्याला मी आजवर ‘किरकोळ’ म्हणत होतो ते माझे बाहेरचे चहापाणी घरच्या दुधाच्या बिलाला गाठीत आहे, हे उघड झाले. सौ. काही बोलली नाही. न बोलण्यातही एक जमाखर्च असतो.

वैशाखात राहुरीच्या मामांच्या नातीचे लग्न निघाले. त्या आठवड्यात आहेराचे खाते लाल झाले होते. मी जाहीर केले, “या वेळी पाचशे एकच करू. यात शिल्लकच नाही.”

आई उठली. देवघराशेजारच्या पेटीतून तिने एक तांबड्या बांधणीची वही काढली, २००१ सालचे पान उघडले आणि माझ्यापुढे ठेवले. ‘दादा, राहुरी. रु. २०००. कांदा विकून. परत घेत नाही म्हणतो.’

त्या वर्षी बाबा अंथरुणावर होते आणि माझी एम.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती. फी बाबांनीच कशीबशी भरली, असे मी इतकी वर्षे समजत होतो. त्या पदवीवर मी आज प्राध्यापक म्हणून मिरवतो.

रात्री ती रक्कम प्रोग्रामात घालायला बसलो. कर्ज म्हणावे, तर तो व्याजाचा दर आणि मुदत विचारतो. भेट म्हणावी, तर व्यवहार तिथेच मिटतो. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “एवढं काय मामा, ‘इतर’मध्ये टाक!” माझा हात काही धजेना.

आम्ही राहुरीला गेलो. आहेर काय केला ते सांगत नाही. ते सांगायचे नसते. पंगती उठल्यावर मामांजवळ कांद्याचा विषय काढला. म्हातारा मांडवाच्या झालरीकडे पाहत म्हणाला, “कसला कांदा? आपल्याला नाही बुवा आठवत.”

घरी आल्यावर आईने आपल्या वहीत लग्नाची नोंद केली. मी विचारले, “आई, आता ती जुनी नोंद खोडायची ना?”

“खोडायची कशाला?” ती म्हणाली. “ती तुझ्या मुलांना वाचायला ठेवलीय.”

मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ची विक्री २००९ मध्ये थांबवली, ‘मिंट’ नावाचा असाच दुसरा लोकप्रिय हिशेबनीस मार्च २०२४ मध्ये बंद झाला. माझा प्रोग्राम अजून चालू आहे. चहापाण्यावर तो चांगला वचक ठेवतो. पण महिनाअखेर त्याचे आकडे मी कागदावर उतरवून घेतो आणि तो कागद आईच्या वहीत ठेवतो.