सोसण्याची सवय आणि नडगीचे हाड



ऑक्टोबर उजाडला आणि तोक्योचा दमट उन्हाळा ओसरला, की आराकावा नदीच्या बांधावर आपली माणसे पुन्हा धावताना दिसू लागतात. निशी-कासाईतील कुटुंबांना हा बांध जवळचा. मध्य तोक्योत नोकरी करणारे सम्राटाच्या राजवाड्याभोवतीची सुमारे 5 किलोमीटरची फेरी पसंत करतात. कुणी वजनासाठी धावतो, कुणी साखरेच्या धास्तीने, तर कुणाला मार्चमधील तोक्यो मॅरेथॉनची चिठ्ठी लागलेली असते. आणि डिसेंबर येईतो त्यांतील काहीजण लंगडू लागलेले असतात.

गावी फोन केला की आई बजावते, ‘धावू नकोस, गुडघे झिजतील.’ तिची भीती निराधार म्हणता येत नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांचे गुडघे झिजलेले आपण पाहिले आहेत. पण ते झिजले ओझी वाहून, खडी फोडून, विसाव्याविना. हौसेने धावणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात हौशी धावपटूंपैकी सुमारे 3.5 टक्के लोकांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली. बैठे जीवन जगणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. अर्थात, ज्यांचे सांधे मुळात धड आहेत तेच धावत राहतात, हेही त्या आकड्यांमागे असणार.

मग दुखापती होतात कशाने? बहुतेक वेळा पडण्याने नव्हे, घाईने. महिना-दीड महिन्यात दम वाढतो, छाती साथ देऊ लागते आणि माणसाला वाटते की आपण तयार झालो. हाडाचे गणित निराळे असते. ताण पडला की हाड आधी आपला जुना भाग पोखरून काढते आणि मग तेथे नवा भरते. तो नवा भाग कठीण होण्यास कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा किंचित कच्चे असते, आणि नेमक्या त्याच काळात आपण अंतर वाढवीत असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आम्हा संगणक अभियंत्यांच्या बाबतीत ही तफावत अधिकच मोठी.

नडगीचे दुखणे हे याचे नित्याचे उदाहरण. नडगीच्या आतल्या कडेने चार बोटे किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, तर बहुधा हाडावरील आवरणाला आणि स्नायूंच्या जोडाला सूज असते. धावणे कमी केले की ती ओसरते. परंतु एका बोटाने दाबता येईल अशा एकाच ठिकाणी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल, किंवा रात्री अंथरुणातही ठणका लागत असेल, तर हाडाला ताणाची बारीक चीर गेल्याचा संशय घ्यावा. जांघेत खोलवर दुखणे तर त्याहून गंभीर. तेथे खुब्याच्या हाडाची मान असते, आणि ती चीर वाढली तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. अशा वेळी एक दिवसही धावू नये.

आमच्या परिचयातील एका अभियंत्याने नडगीची अशीच कळ दोन महिने अंगावर काढली. विचारले तर म्हणाला, ‘एवढे सोसायचेच.’ हे वाक्य आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या बोलले गेले आहे. सोसण्याखेरीज ज्यांच्यापुढे मार्गच नव्हता, त्यांनी सोसण्याला गुण मानले. इकडे जपानमध्ये त्याला ‘गामान’ हा जुळा भाऊ भेटतो. कचेरीत तर त्याचे कौतुकच होते.

विनयपिटकाच्या महावग्गातील सोण कोळिविसाची कथा येथे आठवते. धनाढ्य घरातील या सुकुमार तरुणाने दीक्षा घेतल्यावर चंक्रमणाचा इतका अतिरेक केला की तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याच्या सोसण्याची प्रशंसा केली नाही. वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर सूर निघतो का, असे विचारले, आणि त्याला पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली. एकट्यासाठी सवलत नको, असे सोण म्हणाला. तेव्हा ती अनुज्ञा साऱ्या संघाला मिळाली. अतिश्रमाच्या दुखापतीवर उपाय म्हणून बूट देण्याचा इतका जुना दाखला आम्हाला दुसरा ठाऊक नाही.

आता उपचाराचे. जपानमध्ये नवख्याची फसगत पाट्यांपाशी होते. ‘सेइकेई-गेका’ म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टर. ‘सेइकोत्सुइन’ म्हणजे ज्यूदो परंपरेतील परवानाधारक उपचारकाचे केंद्र. आणि ‘सेइताई’साठी तर सरकारी परवानाच लागत नाही. तिन्ही शब्दांचे पहिले चित्राक्षर एकच, त्यामुळे स्थानकाबाहेर जी पाटी आधी दिसेल तिच्यात माणूस शिरतो. सेइकोत्सुइनमध्ये मुरगळ, मुका मार, ताणलेला स्नायू यांवर चांगले उपचार होतात आणि ताज्या दुखापतीला विमाही लागू पडतो. पण तेथे क्ष-किरण चित्र काढता येत नाही, आणि तातडीचा प्रथमोपचार सोडल्यास अस्थिभंगावर डॉक्टरांच्या संमतीविना उपचार करता येत नाहीत. आमचा हा मित्र दोन महिने तेथे पाय चोळून घेत होता.

म्हणून हाडाचा संशय असेल तर जवळचे सेइकेई-गेका चिकित्सालय गाठावे. विमा असताना खर्चाचा 30 टक्के वाटा आपला. थेट मोठ्या रुग्णालयात गेल्यास, शिफारसपत्र नसेल तर बहुधा 7000 येन किंवा त्याहून अधिक रक्कम वेगळी पडते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बारीक चीर क्ष-किरणात अनेकदा दिसतच नाही. चित्र निर्दोष आले आणि कळ मात्र कायम राहिली, तर एमआरआयविषयी स्पष्ट विचारावे. डॉक्टरांना प्रश्न विचारणे हा येथेही उद्धटपणा नव्हे. भगिनींनी पाळी अनियमित झाली असल्यास तेही न संकोचता सांगावे, कारण अपुऱ्या आहाराने पाळी आणि हाड दोन्ही बिघडतात. हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घेणे आपल्या सावळ्या कातडीला विशेष गरजेचे. आणि वेदनेवर मिळणाऱ्या औषधी पट्टीत केटोप्रोफेन असेल, तर ती काढल्यावरही 4 आठवडे त्या जागेवर ऊन पडू देऊ नये; कातडी भाजल्यासारखी होते.

नडगीची चीर भरण्यास बहुधा 6 ते 8 आठवडे लागतात. चालताना कळ उरली नाही की आधी चालणे, मग एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशा क्रमाने परतावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखले तर एक पायरी मागे यावे. तोवर दम टिकवायचा असेल तर, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, वॉर्डाच्या सार्वजनिक जलतरण तलावात जावे. तेथे बहुधा एक पट्टा केवळ पाण्यातून चालणाऱ्यांसाठी राखलेला असतो. आमचा मित्र सध्या त्या पट्ट्यात सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंच्या मागून चालतो, आणि त्या त्याला अजून पुढे जाऊ देत नाहीत.