कड्यावर नाव मुंबईचं, मग हिशेब आपल्या खाडीचा का नाही?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण उरण-पनवेल पट्ट्यात राहणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

तमिळनाडूत नागपट्टिनम जिल्ह्यात, अगदी समुद्राच्या टोकाला कोडिक्करई नावाचं गाव आहे. नकाशावर पॉइंट कॅलिमेर. 1967 पासून अभयारण्य, 2002 पासून रामसर स्थळ. पावसाळा सरता सरता सैबेरियापासून निघालेले चिखलपक्षी तिथे उतरायला लागतात. टिलवे, चिखले, तुताऱ्या. आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं, म्हणजे बीएनएचएसचं, तिथे पक्षी-स्थलांतराचं केंद्र आहे. जाळ्यात पक्षी अलगद धरायचा, वजन, पंख, चोच मोजायची, पायात क्रमांक कोरलेलं अ‍ॅल्युमिनियमचं कडं घालायचं आणि सोडून द्यायचा. छोट्या पक्ष्याचं कडं ग्रॅमभरही नसतं. त्यावर क्रमांकासोबत पत्ता असतो तो मुंबईचा!

हे पकडण्याचं कसब कुठून आलं माहीत आहे? बिहारच्या मीरशिकार समाजाकडून. पिढ्यान् पिढ्या पक्षी धरून पोट भरणारी ही माणसं. पक्ष्याचं पीसही न मोडता त्याला कसं धरायचं, हे शास्त्रज्ञ त्यांच्याकडून शिकले. डिग्री नसलेल्या माणसाचं ज्ञान विज्ञानाच्या कामी आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे त्यावर येतो.

आता नेहमीचा प्रश्न. "गावात प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही पाखरांच्या पायात कडी कसली घालताय?" प्रश्न चुकीचा नाही. दुसराही प्रश्न रास्त आहे : पक्ष्याला त्रास होत नाही का? होतो, थोडा वेळ होतो. म्हणूनच हे काम प्रशिक्षित माणसानेच करायचं असतं आणि वन्यजीव कायद्याखाली त्याला परवानगी लागते. हौसेचा खेळ नाही हा.

पण कड्याशिवाय काय होतं? थवा दिसतो, मोजला जातो, एवढंच. यंदाचा पक्षी गेल्या वर्षीचाच आहे की नवा, तो किती वर्षं जगला, वाटेत कुठे थांबला, हे कळत नाही. कडं घातलेल्या शेकडो पक्ष्यांपैकी मोजकेच पुन्हा सापडतात. म्हणून हे काम एका हंगामाचं नाही, पिढीचं आहे. मध्येच थांबलं की आधीची मेहनतही अर्धी वाया.

आणि घाई का, तेही सांगतो. कोडिक्करईला हिवाळा काढणारा कर्ल्यू सँडपायपर हा छोटा पक्षी 2024 साली आंतरराष्ट्रीय यादीत 'संकटसमीप'वरून 'असुरक्षित' गटात गेला. त्याच वेळी जगभरातल्या आणखी अनेक किनारपक्ष्यांची श्रेणी अशीच घसरली. घट झाली हे कशावरून कळलं? कुणीतरी वर्षानुवर्षं चिखलात उभं राहून नोंदी ठेवल्या म्हणून.

आता आपल्याकडे या. ठाणे खाडीत 2022 च्या जानेवारीत बीएनएचएसने सहा फ्लेमिंगोंना जीपीएस यंत्रं लावली. त्यातला 'हुमायून' नावाचा लेसर फ्लेमिंगो पुढे भावनगरच्या किनाऱ्यावर पोचला. म्हणजे आपली खाडी आणि गुजरातचा किनारा हे एकाच पक्ष्याचं घर. एक खोली पाडली तर दुसरी किती दिवस पुरणार?

आणि इथे उरणात पाणजेचं काय चाललंय? भरतीचं पाणी आत येऊ दिलं जात नाही, अशा तक्रारी वर्षानुवर्षं झाल्या, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. पाणी अडलं की चिखल सुकतो, किडे-शिंपले मरतात, पक्षी येत नाहीत. मग 'इथे पक्षी येतच नाहीत' म्हणणं सोपं होतं. खाजण कागदावर पडीक ठरायला वेळ लागत नाही. अशा वेळी कोर्टात भावना चालत नाही, नोंद चालते. अमुक क्रमांकाचा पक्षी अमुक तारखेला याच चिखलात होता, हा पुरावा खोडणं अवघड असतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. एक, रायगडच्या किनाऱ्यावर दर हंगामात रिंगिंग आणि गणना नियमित व्हावी, एखादा प्रकल्प आला की तेवढ्यापुरती नको. दोन, त्या कामात आपली कोळी आणि आगरी पोरं मानधनावर घ्यावीत. भरती कधी चढते, थवा कुठे बसतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको. मीरशिकारांचं कसब चालतं, तर आमच्या पोरांचं का नाही? तीन, निघालेली माहिती मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवावी. ज्या गावाची खाडी, त्या गावाला तिचा हिशेब कळलाच पाहिजे.

आणि तुम्ही? जाळ्यात किंवा बांधावर कडं असलेला पक्षी दिसला, तर क्रमांकाचा फोटो काढा, तारीख-ठिकाण लिहा आणि बीएनएचएसला कळवा. पक्षी जिवंत असेल तर कडं काढू नका, त्याला सोडून द्या. तो हजारो किलोमीटर उडून आपल्या दारात आलाय. निदान त्याची हजेरी तरी लागू दे.